माशाला दिलेलं आवतन

पडदा वर जातो तेव्हा समोर नुसतं पाणी आहे. मागे आभाळ, तेही पाण्याच्याच रंगाचं. त्यात झाड नाही, टेकडी नाही, विजेचा एक खांबसुद्धा नाही. सकाळचा उजेड एका बाजूने हळूहळू चढतो आहे आणि त्या उजेडात एक पांढरी बोट डुलते आहे. बोटीच्या मागच्या अंगाला, पाय फाकवून, एक म्हातारा माणूस उभा आहे. गुडघ्याखाली आलेलं धोतर, डोक्यावर पांढरी टोपी, अंगात नारिंगी लाइफ जॅकेट आणि हातात गळाची लांब काठी. पहिल्या रांगेतल्या कुणालाही वाटावं, की हे पात्र चुकून दुसऱ्याच नाटकात शिरलं.

ते नत्थुजी गावंडे. दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या काठी त्यांचं गाव. काळी माती, कापूस, सोयाबीन, बांधावर तूर. त्यांच्या मागे गुडघ्यांवर बसून जी मुलगी एका रबरी गादीवर बादलीने पाणी ओतते आहे, ती त्यांची लेक प्राजक्ता. अंदमानच्या समुद्रातल्या माशांचा अभ्यास करणं ही तिची नोकरी. हौशी लोक पैसे भरून मोठ्या सफरीवर लांबवर जातात, ट्यूना नावाचा दांडगा मासा गळाला लावतात. प्राजक्ता त्याच्या खांद्यापाशी शेवईएवढी बारीक पिवळी नळी टोचते आणि मासा परत समुद्रात सोडून देते. नळीवर एक आकडा आणि एक फोन नंबर. पुढे कधी, कुठे, कुणाच्या हाती तो मासा लागला, तर त्याने फोन करायचा, की मासा कुठून कुठे गेला ते कळतं. फोन करणाऱ्याला बक्षीस म्हणून एक टोपी. बहुतेक माशांचा फोन येतच नाही. समुद्र मोठा आहे आणि टोपीची हौस सगळ्यांनाच नसते.

पण हा शेतकरी माणूस त्या बोटीवर कसा पोचला, हे सांगायचं तर आधी पाखऱ्याचं सांगावं लागेल.

पाखऱ्या नत्थुजींचा बैल. पांढरा, पाठीवर राखी ठिपके, स्वभावाने थोडा हट्टी. पोळ्याच्या आदल्या दिवशी वऱ्हाडात बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून टणक झालेल्या खांद्यांना तूप आणि हळद लावायची, पळसाच्या पानाने हळूहळू चोळायची, आणि मग बैलाच्या कानाशी वाकून म्हणायचं, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’ आवतन म्हणजे जेवणाचं बोलावणं. दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा पहिला घास बैलाचा, मग घरातल्यांची पंगत. एरवी बैलाला शिव्या हासडणारा माणूस त्या संध्याकाळी त्याला मानाने बोलावतो. लहानपणी प्राजक्ता हळदीची वाटी धरून बाजूला उभी राहायची, आणि बाबा पाखऱ्याच्या आधीच्या बैलांना असं ‘घ्या, या’ करताना ऐकून तिला हसू आवरायचं नाही.

लम्पीची साथ आली त्या वर्षी पाखऱ्याच्या अंगभर गाठी उठल्या. ढोरांचे डॉक्टर येऊन सुया टोचून गेले. पोळा भरवायला बंदी होती, तोरणाखाली एकही जोडी उभी राहिली नाही. पण स्वतःच्या गोठ्यात खांदे शेकायला कोण अडवणार? नत्थुजींनी गाठी चुकवत चुकवत पाखऱ्याचा खांदा चोळला, कानाशी वाकून आवतन दिलं. सकाळी घरात पुरण वाटलं जात असताना पाखऱ्या गोठ्यात बसला तो उठलाच नाही. पुरणपोळीचं ताट वाढून तयार झालं तेव्हा शेताच्या कोपऱ्यात जेसीबीने खड्डा खणून झाला होता.

जोडीतला दुसरा बैल एकटा कुणाच्या कामाचा? मुलाने, कुलदीपने, तो विकला आणि शेतात ट्रॅक्टर आणला. नत्थुजींनी त्याला एका शब्दाने दोष दिला नाही. पण ते हळूहळू सगळ्यांशीच बोलेनासे झाले. सगळ्यात वाईट म्हणजे त्यांचं नदीवर जाणं सुटलं. पूर्णेच्या डोहावर बांबूची काठी घेऊन मरळ मासा धरणं हा त्यांचा आयुष्यभराचा एकुलता एक शौक, आणि तिथला त्यांचा जोडीदार म्हणजे नागसेन, दर्यापूरच्या एसटी आगारातून रिटायर झालेला कंडक्टर. नागसेन रोज दाराशी येऊन घंटी वाजवल्यासारखी कडी वाजवायचा.

“नत्थुभाऊ, चाल ना बे. मरळ वाट पाहून राहिली.”

“तू जाय. तिले सांग, नत्थु मेला.”

“सांगतलं. ते म्हणे, मंग तेरवीचं जेवन कोठी हाय?”

नत्थुजी हसले नाहीत. प्राजक्ता तेव्हा सुट्टीवर घरी आली होती. नागसेनकाकाच्या बोलण्यावर बाबा हसत नाहीत, हे तिने पहिल्यांदाच पाहिलं, आणि त्याच दिवशी तिने त्यांना समुद्राचं विचारलं.

“चाला माह्या संग. येवढा मोठा मासा तुमी जलमात पाह्यला नसन.”

“खाता येते का तो?”

“नाई बाबा. धराचा, सुई टोचाची आन सोडून द्याचा.”

“मंग धराचा कायले?”

स्वयंपाकघरातून आशाबाईंचा आवाज आला. “इथं बसून तरी तुमी कोनता वाघ धरून राहिले? जा. घर तरी झाडता येईन मले.”

नत्थुजी बराच वेळ खाटेची सुतळी बोटाने कुरतडत बसले. मग त्यांनी विचारलं, “सुई टोचल्यावर जाते तो वापस?”

“जाते.”

“जित्ता?”

“जित्ता.”

“मंग येतो,” ते म्हणाले.

बातमी गावात पसरली. नागसेनने पारावर जाहीर केलं, की गावच्या तालुक्याच्या नावात दर्या आहे म्हणून कोणी दर्यावर जात नसतं, पण आमचा नत्थुभाऊ चाललाच आहे तर जाऊ द्या. आशाबाईंनी पिशवीत शेंगदाण्याची चटणी, ज्वारीच्या कोरड्या भाकरी आणि कागदाच्या पुडीत हळद बांधून दिली. “पानी लागते, लोखंड लागते. काई चिरलं, काई कापलं तं लावजा.” ती पुडी नत्थुजींनी बंडीच्या खिशात ठेवली आणि तिथेच राहू दिली.

बोटीवर चढल्यावर त्यांनी पहिलं काय केलं, तर वाकून ओंजळभर समुद्र घेतला आणि तोंडात घातला. प्राजक्ता ओरडणार तोच ते थुंकून म्हणाले, “हे तं आपल्याच विहिरीचं पानी हाय. जरा कडक हाय, येवढंच.”

त्यांचं गाव खारपाणपट्ट्यातलं. जमिनीखाली जे पाणी लागतं ते खारंच. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या लोक तेच पीत आले. समुद्रावर, बोटीत उभं राहून नत्थुजींना आपल्या विहिरीची चव आली आणि त्यांचा चेहरा किती तरी महिन्यांनी थोडा सैल झाला. प्राजक्ताला वाटलं, चला, निम्मं काम झालं.

हौशी पाहुण्यांत पुण्याचा अंकुर होता. कंप्युटरच्या धंद्यातला, दरसाल अशा सफरीवर येणारा, मनाने चांगला. म्हाताऱ्या माणसाची त्याला काळजी वाटली. “काका, तुम्ही सावलीत बसा. मी मासा लावून देतो, मग तुम्ही फक्त काठी धरा.”

“म्हंजे लगन तू लावशीन आन नवरदेव मी होऊ? असं नाई चालत, बावा.”

अंकुरने हळूच प्राजक्ताला विचारलं, “काका चिडले का?”

“नाही हो,” ती म्हणाली. “ते लाडानेच बोलले. चिडले असते तर तुम्हाला कळलंच असतं.”

बक्षिसाची गोष्ट मात्र नत्थुजींना मनापासून पटली. “फोन करनाऱ्याले टोपी देता? बरं करता. आपल्याकडं बी पंगतीले बोलावलं तं पाहुन्याले टोपी द्याच लागते. नाई तं आवतन अर्धं राह्यते.” वऱ्हाडात लग्नाकार्याला आलेल्या पुरुषांना टोपी-दुपट्टा देण्याची रीत आहे, समुद्रावरच्या लोकांनाही ती ठाऊक आहे, असं समजून ते खूष झाले. प्राजक्ताने ती समजूत मोडली नाही.

मासा वर घेण्याआधी ती सगळ्यांना एकच नियम शिकवायची. मासा पाण्याबाहेर आला की आपला श्वास रोखून धरायचा. आपल्याला श्वास घ्यावासा वाटला, की समजायचं, मासाही तेच मागतो आहे. त्या क्षणी तो पाण्यात परत गेलेला असला पाहिजे. नत्थुजींनी मान डोलावली होती. नियम त्यांना कळला होता, यात शंका नाही.

आता पुन्हा त्या सकाळकडे चला. दूरवर पक्ष्यांचा एक थवा पाण्यावर घिरट्या घालत खाली झेपावू लागला. कप्तानाने बोट तिकडे वळवली. पाणी उकळल्यासारखं फुटत होतं. लहान मासे जीव घेऊन वर उसळत होते आणि खालून काहीतरी त्यांना हाकत होतं. नत्थुजींनी गळाला आमिष म्हणून लावलेला लाकडी मासा त्या उकळीत फेकला. दोनदा ओढला. मग काठी कमानीसारखी वाकली आणि रिळावरची दोरी किंचाळत पळाली.

काठीचं बूड त्यांच्या कमरेच्या पट्ट्यात बसवलं होतं. अंकुर मागून जॅकेट धरून उभा राहिला, पण काठीला त्याने हात लावला नाही, कारण नवरदेवाचा किस्सा त्याच्या लक्षात होता. मासा खाली जाई, नत्थुजी थांबत. मासा दमे, नत्थुजी काठी हळू वर उचलत आणि खाली नेताना दोरी गुंडाळत. त्यांचे ओठ हलत होते. बैलाला चिखलातून गाडी ओढायला लावताना ते जसे बोलायचे तसेच. “चाल रे बाप्पा. चाल. आला, आला. थांब जरा.” ऊन वर आलं तेव्हा निळ्याशार पाण्यात आधी एक चकाकी दिसली, मग सोन्याची पट्टी, मग पिवळे, कोयत्यासारखे पंख.

मोठ्या बोकडाएवढा मासा गादीवर आला. प्राजक्ताने श्वास रोखला. ओल्या फडक्याने त्याचे डोळे झाकले, तोंडात पाण्याची नळी दिली. तो लगेच शांत झाला, आंधळी कोशिंबीर खेळताना मूल होतं तसा. तिने खांद्यापाशी सुई टोचली, पिवळी शेवई आत बसली, रक्ताचा एक थेंब वर आला. झालं. आता उचलायचा आणि सोडायचा.

तेवढ्यात नत्थुजी खाली बसले. त्यांनी बंडीतून पुडी काढली, हळद तळहातावर घेतली आणि त्या खांद्यावर, सुईच्या जागेभोवती, हात गोल गोल फिरवायला सुरुवात केली. हळू. घाई नसलेल्या माणसासारखा. पळसाच्या पानाने चोळावं तसा. माशाची गार, ओली पाठ पिवळी होत गेली. मग ते वाकले, मासा कान कुठे ठेवतो ते न समजून क्षणभर थबकले, आणि डोळ्यांवरच्या फडक्यापाशी तोंड नेऊन म्हणाले, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”

प्राजक्ताने त्यांचा हात धरायला हवा होता. तिने धरला नाही. ते शब्द ऐकताच ती समुद्रावर राहिलीच नाही. ती गोठ्यात होती, हातात हळदीची वाटी होती, आणि या वेळी तिला हसू येत नव्हतं. भानावर आली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपण श्वास घेतो आहोत. केव्हापासून, कोण जाणे.

“छोड़ो, मैडम, छोड़ो,” कप्तान वरून ओरडला.

दोघांनी मिळून मासा पाण्यात सोडला. ट्यूना सुटला की बाणासारखा खाली जातो. बघणाऱ्याला शेपटीही दिसत नाही. हा गेला नाही. तो एका कुशीवर कलंडला. पांढरं पोट वर आलं, पंख एकदा हलल्यासारखा वाटला, आणि मग तो तसाच, आडवा, पाण्यात टाकलेलं ताट बुडावं तसा खाली खाली गेला. पिवळा खांदा बराच वेळ दिसत राहिला.

“गया बेचारा,” कप्तान म्हणाला आणि इंजिन सुरू केलं.

“काहून हात लावला, बाबा?” प्राजक्ताचा आवाज तिलाच परका वाटला. “इतकं सांगतलं होतं. मारला तुमी त्याले.”

अंकुरला सगळं समजलं होतं, म्हणून तो दुसरीकडे पाहू लागला. नत्थुजींनी वाकून समुद्रात हात धुतले. नखांतली हळद काही निघाली नाही. त्या सफरीत त्यांनी पुन्हा काठी हातात घेतली नाही. आचाऱ्याशेजारी बसून ते लसूण सोलत राहिले, आणि बंदर आल्यावर सगळ्यांच्या आधी उतरायला उभे राहिले.

गावी परतल्यावर नागसेन पारावर तयारच होता. “काय नत्थुभाऊ, धरला का देवमासा?”

“धरला. सोडला.”

“आन मंग?”

“मंग काय. आवतन देऊन आलो.”

नागसेनने ती गोष्ट सोडली तर नागसेन कसला? जाता येता तो विचारायचा, “पाहुना निंगाला का? रेल्वेनं मूर्तिजापूरपर्यंत आला तं मले सांगजा, तिथून मी जीप करून आनतो.” पार हसायचा. नत्थुजीही कधी कधी उत्तर द्यायचे, “निंगाला असन. रस्ता लांब हाय.” पण घरी आल्यावर ते पोरीला फोन लावायचे.

“आला का?”

“नाई, बाबा.”

एवढंच बोलणं. कशाचा फोन, कुणाचा, हे सांगायची गरज राहिली नाही. पुढे पुढे तर ‘कशी हायेस’ऐवजी ते हेच विचारायचे. प्राजक्ताला ते दोन शब्द सुईसारखे टोचायचे. आपण तेव्हा जे बोललो ते परत घ्यायला ती कितीदा तोंड उघडायची, पण घेणार कसं? मासा मेला असेल तर ते बोलणं खरंच होतं. फोन आला तरच ते खोटं ठरणार होतं. आणि फोन येत नव्हता.

एका पोळ्याला ती घरी आली. कुलदीपने ट्रॅक्टर धुऊन त्याला हार घातला, आशाबाईंनी ट्रॅक्टरच्या चाकाला कुंकू लावलं. नत्थुजी आदल्या संध्याकाळी रिकाम्या गोठ्यात जाऊन बसले होते, तिथून जेवायलाच आले. त्या दुपारी आशाबाईंनी लेकीला मागच्या अंगणात गाठलं.

“माह्याजवळ एक डाव बोलले ते. म्हणे, दोन डाव आवतन देल्लं, दोन्ही डाव पाहुना उपाशी गेला. म्हणे, माह्या तोंडालेच काई लागलं हाय.” त्यांनी पदराने नाक पुसलं. “सांगून दे ना वं एक डाव. म्हन, आला फोन. म्हन, मासा मजेत हाय. तुह्या बापाले का तिथं जाऊन पाह्याचं हाय?”

प्राजक्ताने दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला घेतले. पण विचार तिच्या मनात राहिला.

त्यानंतर नत्थुजींचे पाय सुजू लागले. मग चेहरा. डॉक्टर म्हणाले, किडन्या गेल्या. तुमच्या भागातल्या पाण्याने हे फार जणांना होतं. ज्या विहिरीची आठवण त्यांना समुद्रात झाली होती, तीच आता वसुली करायला आली. रक्त धुऊन घ्यायला अकोल्याला जावं लागे. जीपने मूर्तिजापूर, तिथून रेल्वेने अकोला, परत तसंच. नागसेन बरोबर जायचा. कंडक्टरच्या सवयीने तो जीपवाल्याला मागे किती माणसं कोंबायची ते सांगे, आणि नत्थुजींना खिडकीची जागा मिळवून देई. जाताना दोघं पूर्णेच्या पुलावरून खाली पाहायचे. एकदा नागसेन म्हणाला, “मरळ विचारून राहिली होती.” नत्थुजींनी मान फिरवली. त्या दिवसापासून त्याने मरळीचं नाव काढलं नाही.

शेवटी त्यांना अकोल्याच्या एका दवाखान्यात ठेवावं लागलं. प्राजक्ता रजा घेऊन आली. पाणी मोजून मिळायचं. ओठ सुकून फाटले होते. पांढरी टोपी उशाशी सलाइनच्या दांडीला अडकवलेली होती. काढून पिशवीत ठेवायला त्यांनी नकार दिला होता. त्यांनी डोळे उघडून लेकीला पाहिलं. “आला का?”

आशाबाई पायथ्याशी उभ्या होत्या. त्या डोळ्यांनी म्हणत होत्या, बोल. प्राजक्ताने सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती. मासा कुठे दिसला, कुणाला दिसला, कसा उडी मारून गेला. एकदा उसना आत्मविश्वास गोळा केला की पुढचं आपोआप येतं. तिने खुर्ची जवळ ओढली. “बाबा, एक सांगाचं होतं...”

“तुह्या मायनं काई पढवलं असन,” नत्थुजी म्हणाले, “तं ते नको सांगू.”

तिने खुर्ची परत मागे सरकवली. आशाबाई खिडकीकडे वळल्या. खाली रस्त्यावर रिक्षावाले भांडत होते. त्यांचा आवाज खोलीत भरून राहिला.

आणि मग, ज्याची आशा सोडली होती तो फोन खरोखर आला. नाटकात असं झालं असतं तर प्रेक्षक म्हणाले असते, जमवून आणलं. पण आयुष्याला प्रेक्षकांची पर्वा नसते. प्राजक्ता दवाखान्याच्या जिन्यात उभी होती. कार्यालयातून कुणीतरी आकडा वाचून दाखवला आणि विचारलं, हा तुझाच ना? तो आकडा तिला पाठ होता. मग त्यांनी पलीकडच्या माणसाशी तिला जोडून दिलं. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरचा एक तरुण कोळी, मोडक्या हिंदीत बोलणारा. त्याने पहिलं विचारलं ते हे, “टोपी मिलेगा ना, मैडम?”

“मिलेगा. मछली कैसा था?”

“बहुत मोटा. एकदम अच्छा.” त्याने वजन सांगितलं, नळीच्या बाजूने मास भरून आल्याचंही सांगितलं.

“बेच दिया?”

“नहीं, नहीं. घर में बहन का शादी था. सब मेहमान खाया.”

ती जिन्याच्या पायरीवर बसली. मासा जगला होता. हळद लागूनही, कलंडूनही, तो कुठेतरी खोल पाण्यात सावरला होता. अख्खा समुद्र ओलांडून दुसऱ्या किनाऱ्याला गेला होता, आणि तिथे कापला गेला होता. हे शेवटचं सांगायचं की नाही? ती उठली तेव्हा तिचं ठरलं नव्हतं.

“बाबा, फोन आला. सापडला मासा. खरंच.”

नत्थुजींनी डोळे मिटून घेतले. चेहऱ्यावर राग नव्हता, दमलेलेपण होतं. पोरीनेही अखेर आईचं ऐकलं, एवढंच त्यांना समजलं. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. खरं बोलूनही आपण खोट्या ठरलो, हे प्राजक्ताला दिसलं, आणि मग तिने काहीच राखून ठेवलं नाही.

“कापला त्याले, बाबा. खाल्ला. लग्न होतं त्याइच्या घरी.”

पायथ्याशी आशाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. पण नत्थुजी वळले. पूर्ण वळले, कित्येक दिवसांत न जमलेलं ते हलणं त्यांना जमलं. लेकीकडे त्यांनी पाहिलं.

“खोटं सांगाचं असतं,” ते म्हणाले, “तं तू त्याले जित्ता ठेवला असता.”

“हो, बाबा.”

“केवढा झाला होता?”

“तुमी सोडला त्याच्या दुप्पट.”

“खांदा?”

“नळी तशीच होती म्हणे. बाजूनं मास भरून आलं होतं.”

“हळदीनं,” आशाबाई म्हणाल्या. प्राजक्ताने मान डोलावली. तिने बाबांचा सुजलेला हात हातात घेतला आणि बोटीवर बोललेलं वाक्य परत घ्यायला तोंड उघडलं. पण त्यांचं लक्ष तिकडे नव्हतं. ते दुसऱ्याच हिशेबात होते. आवतन कुणी दिलं, पंगत कुठे बसली, पाहुणे कोण होते.

दुसऱ्या दिवशी उजाडताना नत्थुजी गेले. गावात आता सांगतात, की जाताना त्यांनी रामाचं नाव घेतलं. कुलदीपचं म्हणणं, त्यांनी तुरीला फवारा मारायची आठवण करून दिली. नागसेन पारावर गंभीर चेहऱ्याने सांगतो, की नत्थुभाऊने मरळीला निरोप दिला, आणि तो कोणता ते तो कुणालाच सांगणार नाही. यांतलं कुणीच तेव्हा दवाखान्यात नव्हतं. होत्या त्या मायलेकी दोघीच. त्यांना ठाऊक आहे, की आदल्या संध्याकाळचं ते बोलणं संपल्यावर नत्थुजी पुन्हा बोलले नाहीत.

त्यांनी विचारलं होतं, “पोटभर जेवले नं पन सारे?”

“घर भरून लोक होते, बाबा. जेवले सारे.”

“आन टोपी?”

“टोपीचं आता काय सांगू. हापिसातल्या टोप्या केव्हाच्याच सरल्या. नवीन येईन तवा धाडीन त्याले.”

नत्थुजींनी मान तिरपी करून वर, दांडीला अडकवलेल्या टोपीकडे पाहिलं. मग म्हणाले, “आवतन म्या देल्लं होतं, बाई. टोपी माही धाड.”